रिकाम्या जागांचा गोल

हजेरीबाबूंएवढी माणसं जमवणारा माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा नसेल, आणि त्यातली निम्म्याहून अधिक माणसं वारलेली होती, हे मला जरा उशिराच कळलं. कधीकाळी एका गिरणीत ते कामगारांची हजेरी घ्यायचे, म्हणून हे नाव. गिरणी बंद पडली, सवय राहिली. इतवारीतलं भजनी मंडळ, सदरमधली पेन्शनरांची चहाची बैठक, महिन्यातून एकदा रामटेकची सहल आणि रोज पहाटे आमच्या वस्तीच्या बागेतला हास्यक्लब, कुठेही गेले की खिशातून वही निघालीच. "माणूस एकटा राह्यला का बिनाफोडणीचं वरन होते गा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रस्त्यात दोन अनोळखी माणसं शेजारी उभी दिसली तरी ते त्यांचं मंडळ काढतील, असं लोक म्हणत.

मी लग्न केलं नाही. ऑफिस होतं तोवर त्याचं काही वाटलं नाही. निवृत्त झालो आणि दिवसचे दिवस तोंडातून शब्द निघेना. एकदा आंघोळ करून आलो आणि आरशातल्या माणसाला चक्क "बसा ना" म्हणालो. मग मात्र घाबरलो आणि लाज गुंडाळून ठेवून हास्यक्लब गाठला.

डिसेंबरातलं धुकं होतं. सहा म्हातारी माणसं अर्ध्या बागेएवढा गोल करून उभी होती, एकेकामध्ये आणखी दोन-तीन माणसं मावतील एवढं अंतर. मी एका मोकळ्या जागेत शिरलो.

"तिथं नको भाऊ," हजेरीबाबू म्हणाले. "तिथं वकीलसाहेब हायेत."

तिथं कुणीही नव्हतं. मी पलीकडे सरकलो.

"ते पोस्टातल्या बाईची जागा हाये."

कुणी हसलं नाही, आणि क्लब तर हसण्याचा. मग बाबूंनी वही उघडून हजेरी सुरू केली. नावं एकवीस, माणसं सहा. वारलेल्याचं नाव आलं की "हजर" म्हणायला लागेल तेवढा वेळ सगळे थांबत, आणि बाबू शांतपणे बरोबरची खूण करत. त्यानंतर हसणं सुरू झालं. धुक्यातून चहूबाजूंनी आलेलं ते हसणं सहा जणांचं मुळीच वाटेना.

गेलेल्यांच्या जागा बाबू भरू देत नसत. नवे लोक यायचे, दोन दिवस गोंधळायचे आणि निघून जायचे. अशानं क्लब संपणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण घरी जाऊन मी तरी काय करणार होतो? महिनाभर मी गोलाच्या बाहेर, कडुनिंबाखाली उभा राहून एकटाच हसलो. फिरायला येणाऱ्या बायका मला बघून वाट बदलू लागल्या. तिथून मला एक गोष्ट रोज दिसायची. सगळं गवत दवानं ओलं असायचं, पण बाबूंच्या उजवीकडच्या मोकळ्या जागेत दोन पावलांपुरतं गवत कोरडं आणि दबलेलं असायचं. कुणाला विचारायची माझी छाती झाली नाही.

एके दिवशी माझं टाळकं सरकलं. "बाबू, मेलेल्यांना जागा आहे आणि मला नाही. मी काय मरून येऊ?" बाबूंनी वही मिटली आणि हजेरी न घेताच ते घरी गेले. बाकीच्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आता इथलंही संपलं, असं मी धरून चाललो. तरी सकाळी पाय तिकडेच वळले.

बाबू फाटकातच उभे होते. त्यांनी माझं कोपर धरलं आणि मला त्या कोरड्या गवताशी नेलं.

"इथं उभा राय. हे आमच्या घरच्या मंडळीची जागा."

त्यांची बायको जाऊन चार वर्षं झाली होती. माझा पाय उचलेना. "नको बाबू. त्यांना काय वाटेल?"

"काल विचारलं ना मी तिले," ते सहज म्हणाले. "जेवताना तुयाच विषय निघाला. म्हणे, काहून ताटकळत ठेवता त्याले, एकटाच राहून राहिला बिचारा."

अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. पण मी त्या जागेवर उभा राहिलो आणि डोळे भरून आले. कित्येक वर्षांनी कुणाच्या तरी घरी, जेवताना, माझा विषय निघाला होता.