थेंबबाईंचं टेबल

मावशी रोज सकाळी कप चहानेच विसळायची. किटलीतून दोन घोट कपात घ्यायचे, कप तिरका करून गोल फिरवायचा, तो चहा बेसिनमध्ये ओतायचा आणि मगच कप भरायचा. ज्या भांड्यात जे भरायचं त्यानेच ते आधी विसळावं, नाहीतर आत राहिलेल्या पाण्याने माप चुकतं, हा तिच्या प्रयोगशाळेतला नियम. "चहाचं कसलं माप चुकतंय?" असं काका लग्नानंतर एकदाच विचारून बसले. उत्तर इतकं लांबलं की तेव्हापासून ते गुपचूप दोन घोट जास्तीचा चहा टाकतात.

ती विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात शिकवायची. मुलं पाठीमागे तिला थेंबबाई म्हणत आणि हे तिला ठाऊक होतं. नाव ठेवलंय ते निदान नेमकं ठेवलंय, एवढंच तिचं म्हणणं. कशात काय आहे आणि किती आहे हे शोधायला शिकवणारा एमएस्सीचा एक वर्ग तिने उभा केला होता. त्यातला 'किती' तिने घरीही आणला. माझ्या आईने स्वयंपाकघरात "थोडंसं मीठ टाक गं" म्हटलं की चमचा हवेतच थांबायचा. "थोडंसं म्हणजे?"

त्या वर्षी विद्यापीठाने कळवलं की वर्गात बारा प्रवेश झाले नाहीत तर वर्ग बंद होईल. प्रयोगशाळेतली टेबलं निघतील आणि तिथे संगणक बसतील. मावशी दोन दिवस कुणाला काही विचारेना, चुका काढेना. काका घाबरले. "भांड अगं माझ्याशी," म्हणाले, "घर खायला उठलंय."

विभागप्रमुख एकेकाळचा तिचाच विद्यार्थी. प्रात्यक्षिकात तिने त्याला नापासही केलं होतं, त्यामुळे खुर्ची त्याची असली तरी आवाज तिचाच चाले.

"मॅडम, माहिती दिनाला मुलं येणार, पालक येणार. काहीतरी भारी दाखवू. रंगीत फेसाचं कारंजं करू."

"तू कर कारंजं. मी अनुमापन करीन."

"अहो, थेंब थेंब टाकलेलं कोण बघत बसणार?"

"ज्याला एमएस्सी करायचंय तो."

झालं तसंच. कारंज्याभोवती ही गर्दी, आणि मावशीच्या टेबलाशी चार-पाच माणसं, त्यातली दोन पंख्याखाली जागा मिळाली म्हणून. एका बाईंनी विचारलं, "पुढे नोकरी लागते का हो?"

"लागते. पण मुलीला भांडी घासायची तयारी हवी."

"भांडी?"

"काचेची. ती स्वच्छ नसतील तर पुढचं सगळं खोटं."

बाई मुलीचा हात धरून कारंज्याकडे निघाल्या. विभागप्रमुखाने डोळे मिटून घेतले.

मावशीने उभ्या नळीत अल्कली भरली, खालच्या चंबूत आम्ल घेतलं, त्यात रंग दाखवणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब टाकले आणि तोटी सैल केली. थेंब पडायचा, गुलाबी उमटायचा, चंबू हलवला की विरायचा. "न विरणारी पहिली फिकट छटा आली की थांबायचं," ती सांगत होती. सांगण्याच्या भरात हात तोटीवरच राहिला आणि चंबू गडद गुलाबी झाला. इतक्या वर्षांत थेंबबाईंचा थेंब चुकलेला कुणी पाहिला नव्हता.

"गेलं," ती म्हणाली. "ओतून टाकते. पहिल्यापासून करू."

विभागप्रमुख कानाशी आला. "मॅडम, छान गुलाबी दिसतोय. यांना काय कळतंय?"

"मला कळतंय ना."

तिने चंबू धुतला आणि पुन्हा सुरुवात केली. आता मात्र उभी असलेली माणसं हलेनात. बाई परत चुकतात का, हे बघायचं असणार. थेंब. विरला. थेंब. विरला. मागे एक स्थूल गृहस्थ मुलीबरोबर आले होते, ते एकदम ओरडले, "बस, बस, बस!"

तोटी बंद झाली. चंबूत जेमतेम गुलाबी, आणि ती छटा टिकली.

"तुम्ही काय करता?" मावशीने विचारलं.

"रंगाचं दुकान आहे. रंग मिसळून देतो." मग जरा लाजून म्हणाले, "बीएस्सी केलंय मी. याच विषयात. पुढचं राहून गेलं."

"बाबा, चला ना," मुलगी म्हणाली. तिला वाणिज्य शाखेचं टेबल शोधायचं होतं.

शेवटच्या दिवशी अकराच प्रवेश झाले होते. मावशी घरी दिवाणखान्यात फोनसमोर बसून होती आणि आपण फोनपाशी बसलेलोच नाही असं दाखवत होती. पेपर उलटा धरलाय हे सांगायची काकांची हिंमत झाली नाही. संध्याकाळी फोन वाजला. विभागप्रमुखाचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला.

"मॅडम, बारावा झाला! ते रंगवाले! मुलगी गेली वाणिज्यला आणि बापाने स्वतःचा अर्ज भरला. वर्ग वाचला, मॅडम!"

मावशीने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"ऐकताय ना, मॅडम?"

"ऐकतेय. त्यांना आपल्या प्रयोगशाळेतला एकही पांढरा कोट बसायचा नाही," ती म्हणाली. "उद्या मोठ्या मापाचा मागव."