आठवी खोबण

भूतखेत, करणी... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी सुतार, मापात बसेल तेच खरं मानणारा. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

सत्तेचाळीसचा उन्हाळा. बेळगावच्या कॅम्पातल्या एका बंगल्यातले साहेब-मडम विलायतेला परत निघाले होते. मडमच्या कपाटात जेडची, म्हणजे हिरव्या चिनी दगडाची, जुनी कोरीव जनावरं होती — म्हैस, कासव, बदक, असली. बोटीत फुटू नयेत म्हणून सागवानी पेटी करायची, प्रत्येकाला त्याच्या आकाराची खोबण. मडमनं मोजून दिली. सात.

मी व्हरांड्यात बसूनच काम केलं. जनावर कागदावर ठेवायचं, भोवती पेन्सिल फिरवायची, मग पटाशीनं कोरायचं. चार दिवस. जेवायला खानसामा परशराम द्यायचा. खानापूरकडचा, माझ्या लग्नात वाढायला उभा राहिलेला दोस्त.

पाचव्या दिवशी पेटी मडमसमोर उघडली. सातही जनावरं चपखल बसली... आणि एक खोबण रिकामी राहिली. गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या माणसाची. बोट फिरवलं तर पाठीचा बाक, कानसुद्धा लागत होते.

मडम म्हणाली, मी सातच दिली. साहेब म्हणाला, मिस्त्रीनं आठ कोरल्या म्हणजे आठ होती! मग तीही गोंधळली. माझी हत्यारांची पिशवी उलटी केली, परशरामची खोली उपसली. काही सापडलं नाही. पण साहेबानं परशरामला शिफारशीची चिठ्ठी दिली नाही, आणि चिठ्ठीशिवाय दुसरा बंगला मिळत नसे.

फाटकाबाहेर त्यानं मला धरलं. "खरं सांग नारायण, ती आठवी मूर्ती घेतलीस न्हवं?"

"म्यां? कपाटाची किल्ली तुझ्याकडं हाय की!"

"दर शनिवारी मीच पुसतो रं ती. माणूस न्हवताच त्यात."

"मग मी काय बघून कोरलं?"

तो वळकटी खांद्यावर टाकून निघून गेला.

घरी येऊन कागद उलगडले. आठ. आठव्यावर बसलेला माणूस, शेजारी माझ्याच अक्षरात आकडा. तो काढल्याचं मला बिलकूल आठवत नव्हतं. कागद मी कुणालाच दाखवला नाही. दाखवला असता तर परशराम तुरुंगात गेला असता... किंवा मी.

दिवाळीनंतर तो खडेबाजारात पोती वाहताना दिसला. मी थांबलो. पोतं उतरवून तो हळूच म्हणाला, "साहेब गेला आता. आता तरी सांग की, कुठं ठेवलीस?"

मी नेमकं तेच विचारायला थांबलो होतो.

मला याचा उलगडा आजतागायत झालेला नाही. त्याला झाला होता का — हा संशय मात्र अजून जात नाही.