कोपराखाली बाही नाही

माझ्या थोरल्या बहिणीचे हात पाहून पहिल्यांदा भेटलेला माणूस हमखास नजर फिरवतो. मनगटापासून कोपरापर्यंत आडवे चट्टे आहेत. जुने पांढुरके, मधले तपकिरी, आणि एखादा ताजा, अजून लालसर. भट्टीतून ट्रे बाहेर ओढताना दाराची कड लागते, ट्रेची कड लागते, कधी शेजारच्याच्या ट्रेचीही लागते. तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाचे हात असेच असतात. मी त्याच बेकरीत काउंटरवर असते, म्हणून माझे हात शाबूत राहिले. जीभ मात्र तिखट झाली, कारण गिऱ्हाइकाशी दिवसभर गोड बोलून झाल्यावर ती कुठेतरी मोकळी करावी लागते.

ताईला सगळे भट्टीवाली म्हणतात. मालकाने आधी तिला पॅकिंगला घेतलं होतं. बायका पॅकिंगलाच असायच्या. माझे मेव्हणे गेले तेव्हा भाची नुकती शाळेत जायला लागली होती. ताईने हिशेब साधा केला: भट्टी पहाटे पेटते आणि दुपारी विझते, पॅकिंग संध्याकाळपर्यंत चालतं. तिला पोर शाळेतून यायच्या आत घरी पोचायचं होतं. मालक म्हणाला, बाईमाणसाला झेपायचं नाही. ही म्हणाली, न झेपल्यावर सांगा. ते सांगायची वेळ त्याच्यावर अजून आलेली नाही.

भट्टीवर नियम एकच, कोपराखाली बाही नाही. सैल बाही आत गेली की पेटलीच. एका कारागिराची पेटलेली ताईने डोळ्यांनी पाहिली होती. तेव्हापासून नवा कपडा हातात आला की ती आधी किंमत बघत नाही, रंग बघत नाही, बाही बघते. मैद्याच्या पोत्यांची सुतळी कापायची कात्री तिथेच खिळ्याला टांगलेली असते. खच्चकन कापायचं, दुमडून टीप घालायची, झालं. तिच्या स्वेटरला बाह्या नाहीत. रेनकोटलाही नाहीत. पावसात हात भिजवत ती कामाला जाते आणि वर मलाच विचारते की माझ्या कपड्यांना एवढं कापड कशाला लागतं. जित्याची खोड, दुसरं काय.

भाची शिकली, मोठ्या कार्यालयात लागली, आणि तिथल्याच एकाशी लग्न केलं. व्याह्यांची नळांची आणि फरश्यांची दुकानं आहेत, एक सोडून चार. व्याही-विहिणीच्या लग्नाचा मोठा वाढदिवस होता, तो त्यांनी क्रूझवर करायचा ठरवला आणि आम्हा दोघींनाही बोलावलं. जावईबापू स्वतः येऊन सांगून गेले. पोरगा चांगला आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

निघायच्या आधी भाचीने बेकरीच्या पत्त्यावर एक खोकं पाठवलं. आत गडद निळा पायघोळ ड्रेस होता, मऊ, हातातून घसरणारा. बाह्या मनगटापर्यंत, मनगटाला घट्ट पट्टी, पट्टीला बारीक बारीक गुंड्या. जहाजावर एका रात्री नटूनथटून जेवायला जायचं असतं, त्यासाठी तो होता. मी काउंटरवरून बघत होते. ताईने हात धुतले, पुसले, ड्रेस उलगडला आणि कात्री काढली. एक बाही टेबलावर पडली. मग ती थांबली. पडलेली बाही उचलून तिने त्या गुंड्या बघितल्या, पट्टी दाबून बघितली. आणि दुसरीही कापली. मी मनात म्हटलं, एक गेल्यावर दुसरी ठेवून काय करणार. रात्री घरी तिने छान टीप घातली. पोत्याच्या सुतळीने नाही हो, चांगल्या निळ्या दोऱ्याने.

जहाज म्हणजे काय सांगू, बाजारपेठच तरंगत होती. आमची खोली आतल्या बाजूला, खिडकी नाही, पण गाद्या अशा की ताई पहिल्या दिवशी पहाटे सवयीने उठली आणि आयुष्यात प्रथमच परत झोपली. दुपारी सगळे एकत्र जेवायला बसलो. विहीणबाई बोलायला गोड. त्यांनी ताईला विचारलं, "तुमच्या बेकरीच्या शाखा किती हो?"

मला ठसका लागला. ताईने भाचीकडे बघितलं. भाची समुद्राकडे बघत होती. समुद्रात बघण्यासारखं काही नव्हतं.

"एकच," ताई म्हणाली, आणि पाण्याचा पेला उचलला.

तेव्हा कळलं, पोरीने सासरी सांगून ठेवलंय की आईची बेकरी आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. खोलीवर आल्यावर मी तडतडले. उचलली जीभ लावली टाळ्याला हा माझा स्वभावच आहे. ताई म्हणाली, "तिच्या घरात तिला नांदायचंय. एक शब्द मी गिळला तर माझं पोट दुखणार नाही." मी म्हटलं, ठीक आहे, तुझं पोट.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीच्या दाराखालून एक छापील कागद सरकला. आज रात्री मुख्य भोजनगृहात औपचारिक पोशाख. पुरुषांनी कोट घालावा, बायकांनी लांब पोशाख किंवा तत्सम. अर्धी विजार नको, चपला नकोत. ज्यांना हे जमणार नसेल त्यांच्यासाठी वरच्या मजल्यावर स्वतः वाढून घ्यायची सोय आहे. मी मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हटलं, जेवायला बोलावलंय की मुलाखतीला.

तेवढ्यात भाची आली, ताईचे केस बांधायला. कपाट उघडलं, ड्रेस बाहेर काढला आणि तशीच उभी राहिली.

"आई, बाह्या कुठे आहेत?"

"कापल्या."

"कापल्या म्हणजे? अगं, बाह्यांसाठीच तर घेतला होता मी हा. दुकानं पालथी घातली." तिचा आवाज चढला. "ही कसली सवय, आई. तू काय इथे भट्टीवर चालली होतीस?"

"पहिली सवयीने कापली," ताई म्हणाली. "दुसरी मुद्दाम."

हे मलाही नवीन होतं. इतके दिवस एका घरात राहून हिने मला सांगितलं नव्हतं.

भाची पलंगावर बसली. मग उठून स्वतःच्या गळ्यातली रेशमी ओढणी काढली आणि आईच्या खांद्यांवर टाकून हातांवरून गुंडाळून बघितली. ताईने ती काढून घडी करून तिच्या मांडीवर ठेवली.

"मला उकडतं."

"एसी आहे, आई."

"तरी उकडतं."

"आई, हे लोक वाईट नाहीत. पण विचारतील. आज त्यांचा दिवस आहे. कशाला हात दाखवून अवलक्षण?" मग जमिनीकडे बघत ती म्हणाली, "नाहीतर असं करा ना. आज तुम्ही दोघी वर जेवा. तिथे काहीही घातलं तरी चालतं. मी सांगेन आईला बरं वाटत नाही."

मी तोंड उघडलं होतं. पोरीला लहानपणी मीच न्हाऊ-माखू घातलेलं, दोन शब्द सुनवायचा हक्क माझा होता. पण ताईने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि माझं तोंड मिटलं.

"वर कोण जेवतं?" तिने विचारलं.

"ज्यांच्याकडे असे कपडे नाहीत ते."

"माझ्याकडे आहेत," ताई म्हणाली. "आण इकडे."

तिने ड्रेस घातला. खरं सांगते, बहीण म्हणून नाही, तो तिला शोभत होता. ताठ खांदे, मागे घट्ट अंबाडा, आणि कोपराखाली उघडे ते दोन हात. भाचीने केस बांधून दिले. रागात होती, तरी अंबाडा नीट बांधला. मग आधी निघून गेली.

भोजनगृह दुमजली, मध्ये जिना, दिव्यांचा झगमगाट. प्रत्येकासमोर इतके काटे-चमचे की आमच्या काउंटरवर तेवढी चिल्लर नसते. दारात उभ्या असलेल्या माणसाने ताईला वरपासून खालपर्यंत बघितलं. तिनेही त्याला तसंच बघितलं. त्याने खुर्ची दाखवली.

गोल टेबल होतं. ताईच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भाची, समोर व्याही, विहीणबाई आणि जावईबापू. आपले हात टेबलाखाली घेते की काय म्हणून मी बघत होते. तिने ते टेबलावर ठेवले. सूप आलं, गेलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग विहीणबाईंना राहवेना.

"हे काय हो झालं हातांना?"

ताईच्या आधी भाचीच बोलली. "घरी भाजलं, मम्मी. तेल उडालं होतं. छोटासा अपघात."

"दोन्ही हातांवर?" व्याही म्हणाले. माणूस फरश्या मोजून मोजून मोठा झालेला, त्याच्या नजरेतून काय सुटणार.

ताईने चमचा खाली ठेवला.

"अपघात एकदा होतो, व्याहीबुवा. हे रोजचं आहे. मी भट्टीवर पाव काढते. बेकरी माझी नाही, मालकाची. मी आत असते, ही माझी बहीण काउंटरवर असते. पोरीने तुम्हाला वेगळं सांगितलं, ते तुम्हाला आवडावं म्हणून सांगितलं. काल मीही त्याला मान डोलावली. आज डोलावणार नाही."

भाचीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ती उठली, मांडीवरचा रुमाल खाली पडला, आणि टेबलांमधून वाट काढत जिन्याकडे गेली. एवढ्या लोकांत तिची पाठ दिसत राहिली. रागावले होते तरी मला बसवेना. मी उठायला गेले तर ताईने टेबलाखाली माझा गुडघा दाबून धरला. जावईबापू उठले, त्यांना मात्र तिने अडवलं नाही.

"आम्हाला काय वेडं समजली का ती," विहीणबाई म्हणाल्या. आवाजातला गोडवा गेला होता, पण मला तो आवाज पहिल्यापेक्षा बरा वाटला.

"वेडं नाही," ताई म्हणाली. "मोठं समजली."

वाढप्याने सगळ्यांपुढे भाजलेली कोंबडी ठेवली, भाचीच्या रिकाम्या खुर्चीपुढेही. ताई जेवली. घाई न करता, शेवटपर्यंत जेवली. मी हळूच म्हटलं, "ताई, जा ना तिच्यामागे." ती म्हणाली, "मी उठले की माझी जागा वरच्या मजल्यावर झाली म्हणून समज. तिला कळू दे मी कुठे बसले आहे."

व्याह्यांसाठी केक आला, मेणबत्ती विझवली, आम्ही टाळ्या वाजवल्या. वाजवायला हव्यात म्हणून वाजवल्या. विहीणबाई जाताना ताईच्या खुर्चीपाशी थांबल्या, काहीतरी बोलणार असं वाटलं, पण नुसतं "येते" म्हणून गेल्या. त्यांच्या मनात काय होतं ते मला आजही ठाऊक नाही.

वाढपी भाचीचं ताट उचलायला आला. ताईने त्यावर हात आडवा धरला. "राहू दे. माणूस यायचंय." थोड्या वेळाने तो परत आला, तेव्हाही तसंच. तिसऱ्यांदा त्याच्याबरोबर कोटातला एक साहेबही आला आणि अदबीने म्हणाला की भोजनगृह आता बंद होतंय. ताई म्हणाली, "करा बंद. तेवढा एक दिवा राहू द्या." तो त्या हातांकडे आणि ताटाकडे बघत राहिला, मग निघून गेला. आजूबाजूला वाढपी टेबलांवर दुसऱ्या दिवशीच्या चादरी अंथरायला लागले, आमच्या टेबलाला वळसा घालून.

मग ती आली. तोंड धुतलेलं, डोळे सुजलेले. जावईबापू जिन्यापाशीच थांबले, शहाणा माणूस. ती खुर्चीत बसली आणि ताटाकडे बघत राहिली.

"सगळे गेले?"

"गेले."

"काय म्हणाले?"

"तूच विचार. सासर तुझं आहे."

तिने काटा उचलला, परत ठेवला. मग आईकडे बघून म्हणाली, "मला लाज वाटली, आई."

"माझी?"

"हो."

आतापर्यंत पोरीने खोट्यावर खोटं रचलं होतं, पण हे खरं बोलली. मला ते सहन झालं नाही, मी तोंड फिरवलं. ताईने मात्र ताट तिच्यापुढे सरकवलं.

"गार झालंय. तसंच खा," ती म्हणाली. "आणि लाज वाटली तर वाटू दे. पण माझ्या शेजारी बसून वाटू दे."