पायलट कुणाचा?

“कुत्रं माझं न्हाईच,” तानाजीअण्णा म्हणाले, तेव्हा कुत्रं त्यांच्याच ओसरीवर, त्यांच्याच खाटेवर झोपलं होतं.

सांगली जिल्ह्यात वकिली करताना एवढं शिकले आहे, की समोरचा खोटं बोलत असला तर त्याला आधी पोटभर बोलू द्यावं.

माझ्या अशील, म्हणजे ज्यांची केस मी घेतली त्या, सुमनकाकी. द्राक्षबागेत विरळणीच्या टोळीच्या मुकादम. विरळणी म्हणजे घडातले दाटीचे मणी कात्रीने काढून टाकायचे. बोटं चालली तर हे काम, नाहीतर नाही. आणि नेमक्या उजव्या हातालाच अण्णांचा पायलट कडकडून चावला होता. रेबीजची इंजेक्शनं सरकारी दवाखान्यात झाली, पण तर्जनी वाकेना. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, बोट वाकवणारी आतली दोरी, म्हणजे कंडरा, तुटली आहे, ऑपरेशन लवकर करा, उशीर झाला तर बोट कायमचं ताठ राहील.

भरपाईचा कायदा तसा सोपा आहे. पाळीव कुत्रं निष्काळजीपणे मोकळं सोडलं आणि ते चावलं, तर मालक जबाबदार. मालकावर गुन्हाही नोंदवता येतो. कुत्रं भटकं असेल तर बंदोबस्ताची जबाबदारी नगरपरिषदेची, आणि भरपाईही तिच्याकडेच मागायची. अडतं ते एकाच ठिकाणी. कुत्रं कुणाचं, हे सिद्ध करावं लागतं.

पायलट कुणाचा हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जतकडून आणलेला कारवानी, शर्यतीचा कुत्रा. आमच्याकडे बैलाइतकाच कुत्र्याचाही थाट असतो. गेल्या वाढदिवसाला चौकात त्याचा फ्लेक्स लागला होता. गळ्यात हार, डोळ्यांवर गॉगल, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. शुभेच्छुकांचे चेहरे पायलटपेक्षा गंभीर होते.

मी नोटीस पाठवली. अण्णांच्या वकिलांचं उत्तर आलं: सदर कुत्रे मोकाट असून आमचे अशील त्यास केवळ भूतदयेपोटी भाकरी घालतात. फ्लेक्सबद्दल लिहिलं होतं, तो गल्लीतल्या हौशी मंडळींनी परस्पर लावला.

काकींना वाचून दाखवलं. “म्हंजे आता कोर्टात जायाचं?” त्यांनी विचारलं.

“जाऊ. पण वेळ लागेल.”

“आवं, तवर माझं बोट थांबायचं न्हाई.”

खरंच होतं. फ्लेक्स छापणारा, शर्यतीतले पंच, सगळे साक्षीला उभे करता आले असते. केस मी जिंकलेही असते, पण तोवर बोटाचं लाकूड झालं असतं. त्या रात्री मला अण्णांचा मनापासून राग आला.

मग मी ठरवलं, अण्णांवर विश्वास ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी नगरपरिषदेत अर्ज दिला. अमुक गल्लीत एक मोकाट कुत्रं चावत सुटलं आहे, त्याला मालक नाही असं खुद्द भाकरी घालणाऱ्यानेच वकिलामार्फत लेखी दिलं आहे, तरी नियमाप्रमाणे बंदोबस्त करावा. भटक्या कुत्र्यांचा नियम असा, की पकडायचं, नसबंदी करायची, लस टोचायची, ओळखीसाठी कानाला खाच मारायची आणि होतं तिथेच आणून सोडायचं.

आरोग्य निरीक्षकांनी अर्ज वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, त्यो पायलट हाय. अख्ख्या गावाला म्हाईत हाय कुणाचा ते.”

“गावाला माहीत असेल. कागदावर तो बेवारस आहे.”

ते हसले आणि शिपायाला हाक मारली.

गाडी गल्लीत गेली, त्याच दुपारी अण्णा अनवाणी माझ्या ऑफिसात. कपाळावर घाम. “मॅडम, गाडी थांबवा! फोन करा! पायलटची नसबंदी करत्यात!”

“करू देत की. बेवारस कुत्रं आहे.”

“बेवारस कसलं? म्हसवडच्या पलीकडनं लोक माद्या घिऊन येत्यात त्याच्यासाठी! पोरावानी वाढवलाय मी त्याला!”

“कुणी वाढवलाय?”

“मी!”

“मग तसं लिहून द्या. मालकाचं लेखी आल्याशिवाय ते सोडणार नाहीत.”

अण्णा पेन शोधायला लागले. खिशात नव्हतं, मीच दिलं. पण काकी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या आहेत हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. काकींनी पट्टी बांधलेला हात टेबलावर ठेवला.

“अण्णा, कुत्र्यासाठी चप्पल न घालता पळत आलासा,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “माझा हात त्याच्या तोंडात हुता, तवा तुमी दारातच उभं हुतासा. चार पावलं आला न्हाईसा.”

अण्णांची मान खाली गेली. माझ्या सगळ्या युक्तीपेक्षा काकींची तीन वाक्यं भारी होती.

पायलट माझा आहे, तो मोकळा सुटला ही माझी चूक, असं अण्णांनी लिहून दिलं. ऑपरेशनचा खर्च आणि बुडालेल्या हंगामाची मजुरी द्यायचं कबूल केलं. कुत्र्याला पिंजरा आणि बाहेर काढताना तोंडाला मुसकं, हेही तडजोडीत आलं. पायलट सहीसलामत घरी गेला, दोन्ही कान शाबूत. काकींचं बोट आता पूर्ण नाही, पण कात्री धरण्यापुरतं वाकतं.

कुत्रं चावलं तर जखम साबणाने भरपूर धुवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि ‘कुत्रा चावला’ असं केसपेपरवर लिहून घ्या. मालकाने कुत्रं नाकारलं तर भांडू नका. त्याचं म्हणणं मान्य करा आणि नगरपरिषदेला कळवा.

परवा काकी अण्णांच्या दारावरून कामाला निघाल्या होत्या. पिंजऱ्यातून पायलट भुंकला. अण्णा ओसरीवरून उठले, या वेळी चार पावलं पुढे आले आणि काकी वळणापलीकडे जाईपर्यंत पिंजऱ्याच्या कडीवर हात ठेवून उभे राहिले.