एकोणीस पाहुण्यांची सीडी

मुकुंदभावजी गेल्याचा फोन इंदूरच्या दवाखान्यातून दुपारी आला. काविळीनं तीन आठवड्यांत माणूस नेला. मी त्यांची वहिनी. फोन ठेवला आणि त्यांच्या डब्यासाठी लावलेला मऊ भात गॅसवरून उतरवला... तो कुणी खाल्ला ते आठवत नाही. आज महिना झाला. दवाखान्यात उशाशी फक्त आमचे हे होते. ते एकोणीस जण नव्हते, आणि मला लिहायचं आहे ते त्यांच्याबद्दलच.

देवासच्या घरातल्या मागच्या खोलीत भावजींनी दोन वर्षांपूर्वी रॅपची सीडी केली. रॅप म्हणजे ठेक्यावर भराभर बोलायचं. भिंतींना गाद्या लावल्या, माझी भरतकामाची रिंग नेऊन तिच्यावर मोजा ताणला आणि तोंडाची फुंकर अडवायला तो माइकपुढे बांधला. आधी सगळी गाणी त्यांची एकट्याची होती. मग गल्लीतला विकी आला, ‘‘भिया, चार लाइन मेरी भी.’’ मग धारहून एक आला, तो स्वतःला किंग म्हणवायचा; पोहे खाताना किंगच्या मिशीला शेव चिकटायची. असे करत एकोणीस झाले. प्रत्येकाचं बोलणं एकच, की मी वाघ आणि बाकीचे उंदीर. एकोणीस वाघ, पण एकालाही स्वतःची बशी मोरीत नेऊन ठेवता आली नाही. भावजींना नाही म्हणता यायचं नाही. लोक त्याला चांगुलपणा म्हणतात. मी भित्रेपणा म्हणते, कारण तो माझ्यातही आहे.

नाव कुणाचं वर, यावरून किंग दीड महिना रुसून बसला. मानपानाला व्याही बरे! कव्हर छापलं लग्नपत्रिका छापणाऱ्यानं. त्यानं सवयीनं कोपऱ्यात गणपती टाकला आणि एकोणीस नावांवर ‘दर्शनाभिलाषी’ छापलं, लग्नाच्या कार्डावर काका-मामांच्या नावांवर छापतात तसं. एकाच्याही ते लक्षात आलं नाही. जो तो फक्त आपलं नाव शोधत होता.

त्या सीडीत भावजींचं एक मराठी गाणं असणार होतं, मामंजींवरचं. कारखाना बंद पडल्यावरही मामंजी वर्षभर डबा घेऊन गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर बसायचे आणि पाळी सुटायच्या वेळी घरी यायचे. भावजी हिंदी शाळेत शिकलेले, मराठी शब्द अडायचे. मी चौथी पास, पण मराठीतून. ते ओट्याशी उभे राहून विचारायचे, मी पोळ्या लाटता लाटता सांगायची. गाणं झालं तेव्हा सगळ्यांना ऐकवलं. विकी हसला, ‘‘मराठी कौन सुनेगा, भिया?’’ सीडीत जागा कमी पडत होती. भावजींनी पाहुणे ठेवले आणि आपलं गाणं काढलं. घरासाठी त्याची एक वेगळी सीडी करून माझ्या हातात दिली.

परवा विकी आणि किंग आले. ‘‘भाभीजी, वो मराठी वाला गाना दे दो. भिया की याद में नई सीडी निकाल रहे हैं. बीच में अपन सब दो-दो लाइन डाल देंगे.’’

मी परक्या माणसांशी बोलत नाही. पण त्या दिवशी पडद्याआडून बाहेर आले. ‘‘उसकी एक लाइन बोल के बताओ.’’

किंगनं मिशीवरून हात फिरवला. शेवटी विकी म्हणाला, ‘‘लाइन तो याद नहीं, भाभीजी, पर दर्द बहोत था उसमें.’’

‘‘चाय पी लो,’’ मी म्हटलं, ‘‘गाना नहीं मिलेगा.’’

चहा पिऊन गेले. कप तिथंच.

दुपारी घरात कुणी नसलं की मी मागच्या खोलीत जाऊन ते गाणं लावते. बाकीच्यांच्या गाण्यांतले खोकलेसुद्धा भावजींनी कापले होते, इथं काहीच कापलेलं नाही. ‘गेटाला कुलूप, तरी बाबांचा डबा भरलेला, संध्याकाळी परततो माणूस तोच, थोडा...’ इथं ते अडतात. हसतात. ‘‘वहिनी, थोडा काय?’’ आणि लांबून, कुकरच्या शिट्टीवरून, माझा आवाज येतो, ‘‘सरलेला!’’