अकरा लेकरांची आजी

संध्याकाळची जेवणं झाली की ती पोरांना कुडाला टेकवून ओळीने बसवायची आणि एकेकाच्या डोक्यावर बोटाच्या पेराने हलकेच टकटक करत पुढे सरकायची. आकडे तिला येत नव्हते. ती नावं घ्यायची. शेवटच्या डोक्यापर्यंत पोचली की एकदा मागे वळून बघायची, कुणी राहिलं तर नाही ना म्हणून, आणि मगच चुलीपाशी बसून स्वतःची भाकरी मोडायची.

तुम्ही कधी सुरगाण्याच्या बाजूला गेला असाल तर तिथले डोंगर पाहिले असतील. पावसाळ्यात डोळ्यांत न मावणारे, आणि मार्च उजाडला की उघडेबोडके. जीप सोडून दीड तास चढलं की आमचा पाडा लागायचा. तीसेक घरं आणि एका खोलीची शाळा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे शिक्षक म्हणून गेलो. मी नाशिकच्या पंचवटीतला, घरचा फुलांचा धंदा. भात कुठला आणि नागली कुठली हेसुद्धा मला पाड्यावरच्या पोरांनी शिकवलं.

तिचं घर शाळेच्या खालच्या अंगाला. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. दोन मुलगे, दोन सुना. एक गुडघा कायमचा अधू, त्यामुळे ती फार लांब चालत नसे. तिच्या बोलीत मोठ्या माणसाला 'तुम्ही' म्हणायची पद्धत नव्हती. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "तू किती दिस राहशील, गुरजी?" माझ्या आधीचे गुरुजी चार महिन्यांत बदली करून गेले होते, हे मला नंतर कळलं.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि एका सोमवारी शाळेत चारच पोरं आली. बाकीची आईबापांबरोबर द्राक्षांच्या मळ्यांवर गेली होती. खालच्या रस्त्यावर मुकादमाचा टेम्पो येई, माणसं भांडीकुंडी घेऊन चढत आणि पार उन्हाळ्यात परत येत. तोवर पोरं अक्षरं विसरलेली असत. मी तिच्या ओट्यावर बसून बराच वेळ चिडचिड केली. ती नागली पाखडत होती. माझं बोलून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, की पोरं इथे राहिली तर तू रोज शिकवशील का. मी हो म्हणालो आणि विसरून गेलो.

ती विसरली नाही. पुढच्या वर्षी टेम्पो यायच्या आधी ती लंगडत घरोघरी फिरली. प्रत्येक दारात बसली. कुणी म्हणालं, लहान आहे, रडेल. कुणी म्हणालं, आजारी पडलं तर? सगळ्यांना तिचं उत्तर एकच होतं.

"मी हाय ना."

अकरा पोरं मागे राहिली. आईबापांनी जाताना तिच्या घरात नागली आणि उडीद आणून ओतले. मला वाटलं होतं, आठवड्याभरात ती कंटाळेल. पण ती पोरांना झऱ्यावर नेऊन अंघोळी घाली, मुलींच्या वेण्या घाली आणि सगळ्यांना घेऊन शाळेत येई. परत घरी जाऊन पुन्हा आणायला यायचं म्हणजे गुडघ्याला त्रास, म्हणून ती तिथेच मागे भिंतीला टेकून बसे. एकदा मी देशाचा नकाशा लावून शिकवत होतो. तिने मधेच विचारलं, यात आपला डोंगर कुठं आहे. मी म्हणालो, तो फार छोटा आहे, यात दिसत नाही. ती म्हणाली, "मग ज्याने काढला तो हिकडं आलाच नसंल."

तपासणीला आलेल्या एका साहेबांनी, या बाई कोण, म्हणून विचारलं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, की माझं नाव पटावर नाही, पण हजेरी सगळ्यांपेक्षा जास्त आहे. साहेब हसले. तिच्या हातचा कोरा चहा प्यायले. पोरांसाठी वसतिगृहाचं काहीतरी करतो, असं म्हणाले. मग ते डोंगर उतरून गेले आणि त्यानंतर त्याबद्दल कुणाचं पत्रसुद्धा आलं नाही.

अशी दोन वर्षं चांगली गेली. तिसऱ्या वर्षी जनी आजारी पडली.

जनी सात वर्षांची. तिचे आईबाप पिंपळगावच्या बाजूला मळ्यावर गेले होते. फेब्रुवारीत तिला ताप आला. माझ्याकडच्या गोळ्या दिल्या, ताप उतरला आणि परत चढला. नर्सबाई त्या आठवड्यात पलीकडच्या गावांना लस द्यायला गेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी आजी शाळेत आली ती एकटीच. म्हणाली, "पोर मला वळखत नाय."

मी जाऊन पाहिलं तर जनीची मान ताठ झाली होती. पाड्यावर उरलेली माणसं सगळी म्हातारी. झोळी करून उचलायला दुसरा खांदा नव्हता. मी जनीला पाठीवर घेतलं, आजीने आपल्या जुन्या लुगड्याने तिला माझ्या पाठीशी बांधलं, आणि बाकीची पोरं त्या म्हाताऱ्यांकडे सोपवून आम्ही निघालो. मी आजीला थांबायला सांगितलं. तिने ऐकलं नाही. तो गुडघा घेऊन ती माझ्यामागे पूर्ण डोंगर उतरली. जनीचे पाय हातात धरून ती सारखं तिच्याशी बोलत होती. आता मोहाचं झाड आलं, आता ओढा आला, आता रस्ता दिसायला लागला.

रस्त्यावर आलो तर जीप नव्हती. बाजाराचा दिवस नसला की जीप भरेपर्यंत निघत नसे. आम्ही उन्हात बसून राहिलो. आजी आपल्या पदराने जनीवर सावली धरून होती. हात दुखला की हात बदलायची. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. एक जीप आली, भरलेली. आम्हाला बघून माणसं उतरली आणि जागा करून दिली.

सुरगाण्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं. जे करता येतं ते केलं. नाशिकला न्यायला हवं म्हणाले, आणि गाडी येईपर्यंत, दुपारी चारच्या सुमाराला, जनी गेली.

आजी रडली नाही. तिने मला फक्त सांगितलं, "तिच्या आयला घेऊन ये. आय आल्याबिगर मी कुनाला हात लावू देनार नाय."

पण आई कुठे होती? मळा कुणाचा, गाव कुठलं, आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. पिंपळगावकडे, एवढंच. फोन कुणाकडे करायचा? मी जनीला आणि आजीला पाड्यावर पोचवलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. पिंपळगावच्या आसपास दोन दिवस मळेच्या मळे पालथे घातले. कुठल्याही मळ्यावर गेलं की आमच्याच बाजूची माणसं भेटत, पण जनीचे आईबाप नसत. तिसऱ्या दिवशी सकाळी ते सापडले. आई वेलीखाली घड तोडत होती. मला बघून तिने कात्री खाली ठेवली.

मी म्हणालो, जनीला बरं नाही, चला.

तिने विचारलं, "तिच्यापाशी कोन हाय?"

"आजी आहे," मी म्हणालो.

तिचा चेहरा एकदम सैल झाला. तेवढ्याने तिचं समाधान झालं. बसमध्ये ती मला शाळेबद्दल, जनीला किती वाचता येतं त्याबद्दल विचारत राहिली, आणि मी उत्तरं देत राहिलो. खरं काय ते मी त्यांना डोंगर चढायला लागल्यावर सांगितलं. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा जनीला पुरून झालं होतं. म्हाताऱ्या माणसांनी आजीला समजावून, जवळजवळ ओढून बाजूला केलं होतं. जनीची आई आजीजवळ जाऊन बसली. म्हणाली, तू केलंस तेवढं आमच्याने झालं नसतं. आजीने मान वर केली नाही. पुढे कधीतरी ती मला म्हणाली, "तिनं मला शिव्या द्याला पाहिजे व्हत्या, गुरजी."

पुढच्या दिवाळीनंतर लोक स्वतःहून तिच्या दारात आले. आमची पोरं ठेव, म्हणाले. जनीची आईही आली, धाकट्याला कडेवर घेऊन. आजीने दाराला कडी घातली आणि वरच्या खाचरात जाऊन बसली. मी तिला समजवायला गेलो. ताप कुणाच्या हातात नसतो, असं काहीबाही बोललो. ती खाली भाताच्या खुंटांकडे बघत होती.

"मी नुसती व्हते रं," ती म्हणाली. "नुसतं असून काय व्हतं?"

खालून टेम्पोचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी शाळेत पाच पोरं होती. मी त्या पाचांना शिकवलं.

आणखी काही वर्षांनी माझी बदली दिंडोरीकडे झाली. तोवर पाड्यापर्यंत कच्चा रस्ता गेला होता. माझ्या नव्या शाळेच्या आजूबाजूला मळेच मळे. एका फेब्रुवारीत मोटारसायकलवरून जाताना कडेला प्लास्टिकच्या कागदाच्या झोपड्या दिसल्या आणि एका झोपडीपुढे ती बसलेली. मुलगे आता तिला मागे ठेवत नव्हते, बरोबर आणत. भोवती पाचसहा पोरं मातीत खेळत होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मला तिने आवाजावरून ओळखलं.

मी म्हणालो, माझी शाळा इथून हाकेच्या अंतरावर आहे, पोरांना पाठव. ती म्हणाली, इथलं काम चार दिवसांत संपेल, मग दुसरा मळा, तो कुठं आहे ते मला माहीत नाही. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिने माझ्या बायकोची, मुलांची चौकशी केली. मी चार पेन्सिली खिशातून काढून पोरांना दिल्या. त्याहून काही सुचलं नाही. पुढच्या पावसाळ्यात ती गेली असं मला एसटी स्टँडवर कुणीतरी सांगितलं.

ती झोपडीपुढे भेटली त्या दिवशी मला शाळेला उशीर होत होता. येतो म्हणालो, पण मळ्यातल्या पंपाच्या आवाजात तिला ते ऐकू गेलं नसावं. मोटारसायकलपाशी येऊन मी वळून बघितलं. मी जिथे उभा होतो त्या जागेकडे तोंड करून ती अजून मला काहीतरी सांगत होती.