बद्रीनाथ सरांचे व्युत्क्रम कोन

आमच्या बद्रीनाथ सरांची मातृभाषा मराठी. बिडकीनच्या शेतकऱ्याचा हा मुलगा, आई आवडाबाई जात्यावर ओव्या म्हणणारी. पण सरांचं गणित मात्र उर्दू होतं. निजामाच्या राज्यात शाळा उर्दू, पुढे हैदराबादचं कॉलेजही उर्दू. त्यामुळे भाकरी मागायची मराठीत आणि त्रिकोण काढायचा उर्दूत, अशी त्यांच्या डोक्याची वाटणीच होऊन गेली होती. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि सरांची रुमी टोपी पेटीत गेली. शेरवानी तेवढी राहिली. मग हुकूम आला की आता सगळे विषय मराठीतून शिकवायचे.

आमची शाळा औरंगाबादची सरकारी तांत्रिक शाळा. जिल्हाभरातून परीक्षा घेऊन मुलं निवडायचे. सकाळी गणित आणि विज्ञान, दुपारी सुतारकाम, लोहारकाम आणि यंत्रांची ड्रॉइंग. 'टेक्निकलचा पोरगा' म्हटलं की गुलमंडीवरचा दुकानदारही मान वर करून बघायचा. आपण लई हुशार आहोत, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

अशा शहाण्यांच्या वर्गात सर पहिल्या दिवशी आले आणि म्हणाले, वहीत एक सरळ खत काढा. उर्दूत रेषेला खत म्हणतात, हे आम्हाला कुठून ठाऊक असणार? दौलताबादकडच्या धनगराचा सोनाजी उभा राहिला आणि अगदी साळसूद चेहऱ्यानं त्यानं विचारलं, "सर, खत काढायचं का टाकायचं?"

वर्ग हसून लोळला. सरही हसले, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग खुर्ची ओढून ते आमच्यासमोर बसले.

"पोरांनो, गणित मला येतंय. त्याची मराठी तुम्हाला येती. आपण अदलाबदल करू."

तेव्हापासून तसंच चाललं. सर मुसल्लस म्हणायचे, आम्ही त्रिकोण म्हणायचो. ते दायरा म्हणाले की आम्ही वर्तुळ. आम्ही सांगितलेला शब्द ते आमच्यामागून दोनदा म्हणायचे, आणि गुरूला शिकवायला मिळतंय म्हटल्यावर आमच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. ते चिडले असं मला आठवत नाही. मी नंतर बऱ्याच शिक्षकांच्या हाताखालून गेलो, पण आपल्याला येत नाही हे इतक्या सहजपणे सांगणारा माणूस पुन्हा भेटला नाही.

एक शब्द मात्र त्यांच्या जिभेला काही केल्या वश होईना. दोन समांतर रेषांना तिसरी रेषा तिरकी छेदून गेली की आतल्या बाजूला आडवेतिडवे दोन कोन सारखे होतात. उर्दूत ते मुतबादिल. नव्या पुस्तकात मात्र 'व्युत्क्रम कोन' असं छापलेलं. सर कधी 'युक्रम' म्हणायचे, कधी 'वित्क्रम'. घरातही ते येता-जाता तोच शब्द पुटपुटत असायचे. त्यांच्या पत्नी सुगंधाबाईंना वाटलं, यांना कुणी गुरुमंत्र दिला. त्यांनी शेजारणीला विचारलंही म्हणे, हा कोणत्या देवाचा.

दिवाळीनंतर बातमी आली. तपासणीला नवे साहेब येणार होते, पुण्याकडे शिकलेले. ज्यांना मराठीतून नीट शिकवता येत नाही, त्यांना खेड्यावरच्या प्राथमिक शाळेत पाढे शिकवायला धाडणार. हेडमास्तर तात्यासाहेबांनी सरांना बाजूला घेऊन हे सांगितलं, आणि दुपारपर्यंत ते आम्हा सगळ्यांना कळलं. आम्ही काही ठरवलं नाही. फक्त सर जायला नको होते, इतकंच.

साहेब आले आणि मागच्या बाकावर बसले. शेजारी तात्यासाहेब. सरांनी फळ्यावर त्रिकोण काढला. त्याच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन, हे सिद्ध करायचं होतं. सुरुवात झकास झाली. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली, एका कोनावर खडू टेकवला, तसाच दुसऱ्यावर टेकवला. "म्हणून हे दोन कोन," सर म्हणाले, आणि थांबले.

शब्द येईना. खडू फळ्यावर तसाच टेकलेला. सरांची मान शेरवानीच्या कॉलरपाशी घामानं ओली झालेली मला दिसत होती.

सोनाजी उभा राहिला. "सर, हे व्युत्क्रम कोन सारखेच असतेत का?"

सरांनी वळून त्याच्याकडे बघितलं. "व्हय," ते हळूच म्हणाले. "व्युत्क्रम कोन सारखेच असतेत."

मग आमची भीड चेपली. सर पुन्हा अडखळले तसा रामकिसन उठला. निवड परीक्षेत जिल्ह्यात पहिला आलेला हा पोरगा. त्यानं तोंड वेडंबागडं करून विचारलं, "सर, सरळकोन म्हंजी दोन काटकोनच का?" त्यानंतर मी उठलो. ज्याला त्याला शंका येऊ लागल्या. तासाभरात आम्ही सगळ्यांनी मिळून आमची हुशारी धुळीला मिळवली.

जाताना साहेब दारात तात्यासाहेबांना म्हणाले, "मुलं निवडून घेता म्हणता, पण फारच बाळबोध विचारतात हो. मास्तरांचं मात्र कौतुक आहे. एकदाही चिडले नाहीत."

सर राहिले. पुढे त्याच शाळेतून ते निवृत्त झाले.

त्या दिवशी साहेबांची गाडी फाटकाबाहेर गेली. तसा सोनाजी म्हणाला, सर, तुमच्या भाषेत कसं हाय हे, एकदा सांगा की.

"माझी भाषा तुमचीच रे," सर म्हणाले. "उर्दू ती गणिताची हाय."

मग त्यांनी फळा पुसला, नवा त्रिकोण काढला आणि सुरू केलं, "फर्ज करो..." म्हणजे 'समजा...'. तोच सिद्धांत, पण सर निराळेच. खडू कुठे थांबला नाही, जीभ कुठे अडली नाही, एकेक पायरी दुसरीला हात देत खाली उतरत होती. अर्धेअधिक शब्द आम्हाला कळत नव्हते आणि सगळं समजत होतं. हा माणूस एवढं सुंदर शिकवत होता, आणि आमच्यासाठी ते सोडून रोज आमच्यासमोर अडखळायला येत होता. माझे डोळे भरून आले. शेजारी बघितलं तर सोनाजी खाली मान घालून बसला होता.